दहा फुटांवर

१

आमच्याकडे रोज विमानं बिघडतात आणि ती मीच बिघडवतो. त्याचाच पगार घेतो.

हँगरच्या मागे एक उंच शेड आहे. तिथे सहा लोखंडी पायांवर एक पांढरी खोली उभी असते. कागदोपत्री तिला सिम्युलेटर म्हणतात, आम्ही डबा म्हणतो. आत खरंखुरं कॉकपिट, काचेबाहेर पडद्यावरचं आकाश आणि पडद्यावरचाच रनवे. डब्यात शिरायला एक लोखंडी पूल आहे. सगळे आत बसले की दार लागतं, पूल उचलला जातो आणि डबा त्या सहा पायांवर डुलायला लागतो. तेव्हा दारामागे काही नसतं. दोन पुरुष उंचीएवढ्या खोल खाली सिमेंटची जमीन, बस्स.

पुढे शिकाऊ वैमानिकांची जोडी बसते आणि मागे मी, बिघाडांचं पॅनेल मांडीशी घेऊन. उतरतानाचे बिघाड ही माझी खासियत. कधी पंखांच्या पट्ट्या अडकवायच्या, कधी ब्रेकचं तेल घालवायचं. सगळ्यात लाडका बिघाड पुढच्या चाकाचा. चाकं खाली आली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. मी दोनच लागू देतो. तिसरा लागला नाही की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

पण पोरं हुशार असतात. विमान खोटं आहे हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे भीती वरवरची राहते. यावर उपाय म्हणून मी मागे माणसं बसवायला लागलो. मागच्या केबिनमधली एअर होस्टेसही मीच. तिचा फोन आल्याची घंटी कधीच बंद पडली आहे, म्हणून मी तोंडानेच "टिंग" म्हणतो आणि सुरू होतो, "कॅप्टन, एकशे बहात्तर जण आहेत मागे. चौदाव्या रांगेतले आजोबा पाणी मागतायत. काय सांगू त्यांना?" पुढे पुढे आजोबांना मी रजा दिली, कारण एकच माणूस पुरायला लागलं. "तिसरी रांग, डावी खिडकी," मी म्हणायचो. "माझी मुलगी बसलीय. सहा वर्षांची आहे, लाल रिबिनी आहेत. आता उतरवा बघू."

एवढं म्हटलं की पोरांच्या पाठी ताठ व्हायच्या.

मग यंत्रातला आवाज उंची मोजत जातो. पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा. दहाला मी फ्रीझचं लाल बटण दाबतो. चित्र जिथल्या तिथे थांबतं, डुलणं थांबतं, रनवेचे दिवे काचेत तसेच उभे राहतात. त्यानंतर चर्चा, चहा आणि घर. दहाच्या पुढे शिकण्यासारखं काही नसतं, फक्त आपटणं असतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. तिसऱ्या रांगेत तिला बसवल्यावर पुढचं माझ्याच्याने बघवत नव्हतं. घरी मुलगी वाढत गेली, डब्यात ती सहाचीच राहिली, आणि अठरा वर्षांत मी तिला एकदाही जमिनीला टेकू दिलं नाही.

सरांच्या डब्यात कोणी मरत नाही, असं पोरं एकमेकांत म्हणतात. मला ते ऐकायला आवडायचं.

२

मंगळवारी दुपारी एक जोडी होती. एक उंच, त्याला सगळे शिडी म्हणतात, आणि दुसरा चष्मेवाला. पुढचं चाक अडकवलं, दोघांनी बरी झुंज दिली, दहाला मी बटण दाबलं. पेनचं टोपण दातांत धरून मी वहीत शेरे लिहायला घेतले.

तेवढ्यात "टिंग" झालं.

आवाज बारीक होता, धातूचा. चष्मेवाल्याने सवयीने फोन उचलला. "बोला," म्हणाला. ऐकत राहिला. "हो. हो. दोन मिनिटं फक्त." फोन जागेवर ठेवून तो हसत माझ्याकडे वळला.

"काय सर, फ्रीझमध्येही छळता? पण बायकी आवाज झकास हं. आणि ते आजोबा! चौदाव्या रांगेतल्या आजोबांना अजून पाणी मिळालं नाही म्हणे."

टोपण अजून माझ्या दातांत होतं. ते मी काढलं आणि हसलो. न हसून सांगणार काय? आजोबांना रजा देऊन सतरा वर्षं झाली होती. तेव्हा हा पठ्ठ्या शाळेत जात असेल. कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्याने त्याला किस्सा सांगितला असणार, वैमानिकांइतकं गप्पिष्ट माणूस दुसरं नाही. मला बनवायला त्यानेच जिभेने टिंग केलं असेल. असं मी स्वतःला समजावलं आणि शेरे पूर्ण केले.

फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. ऐकताना त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. एखाद्या काळजीत असलेल्या बाईला धीर द्यावा, तसा तो बोलत होता.

३

डब्याची देखभाल करणारा मेकॅनिक गेली वीस वर्षं एकच आहे. त्याला सगळे पाना म्हणतात, कारण झोपेतही त्याच्या खिशात पाना असतो असं त्याची बायकोच सांगते. मी त्याला घंटी तपासायला लावली.

त्याने फळी उघडली आणि टॉर्च मारला. घंटीची तार तुटलेली, दोन्ही टोकांवर काळी टेप, टेपवर बोटभर धूळ.

"साहेब, ही घंटी वाजली असेल तर मी मिशी काढून तुमच्या हातात देतो."

"मग काय वाजलं?"

"तुमचे कान. त्यापायीच विमान सोडलंत ना?" तो हसला. ते खरं होतं. कानाच्या दुखण्यामुळेच मला उडणं सोडून शिकवायला यावं लागलं. "आणि आता कशाला उकरून काढता? पुढच्या गुरुवारी क्रेन येतेय. गॅसने कापून भंगारात. तुमच्या लेकीची शनिवारची परीक्षा ही या म्हाताऱ्यावरची शेवटची."

फळी बंद करताना तो सहज म्हणाला, "तसाही म्हातारा कामातून गेलाय. पायांवरच्या वजनाचा काटा बघा, फ्रीझ केलं की बारा टन जादा दाखवतो. बटण सोडलं की पुन्हा जागेवर."

"कधीपासून?"

"असेल बरीच वर्षं. काटा म्हातारा, मीही म्हातारा. कोण विचारतंय?"

गाडीत बसल्यावर मी उगाचच गुणाकार केला. एकशे बहात्तर माणसं, माणशी सत्तर किलो. बारा हजार चाळीस आले. मी रेडिओ मोठा केला आणि घरापर्यंत तसाच ठेवला.

४

मुलीला घरी खारूताई म्हणतो, खारू. लहानपणी एका जागी बसायचीच नाही म्हणून. आता चोवीस वर्षांची आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती हातात आमटीचा डाव धरून उतरण्याचा सराव करत होती.

"आता ताटं मांडू की रनवे मोकळा ठेवू?" हिने विचारलं. ही म्हणजे खारूची आई.

"आई, दोन मिनिटं. पुढचं चाक अडकलंय."

दोन मिनिटं हे शब्द त्या दिवसांत मला नकोसे झाले होते.

शनिवारची परीक्षा तिची दुसरी खेप. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा का झाली ते तिने सांगितलं नव्हतं, मीही खोदून विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा नापास झाली तर कंपनी नारळ देणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बापाला मुलीची परीक्षा घेता येत नाही, पण सराव मीच करून घेतला होता, दोन वर्षं, त्याच डब्यात.

ती मोजत होती. "पन्नास. चाळीस. तीस. वीस. दहा." आणि दहाला तिने डाव खाली ठेवला, दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय?"

"पुढे काय करायचं?"

"पुढे तुम्ही थांबवता ना." मग डाव दूर सारून ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी हेच झालं. बिघाड नसला की मी नीट उतरवते. बिघाड असला की दहाला हात आपोआप उठतात. मी उचलत नाही, ते उठतात. परीक्षकांनी थांबवलं नाही. विमान आपटलं आणि मी हात मांडीवर ठेवून बघत बसले होते."

एकट्या तिलाच नाही, अठरा वर्षांत शेकडो पोरांना मी हे शिकवलं होतं. आणि उद्या ती खऱ्या विमानात बसेल. तिथे लाल बटण नसतं, आणि मागची माणसं मी मनात बसवलेली नसतात.

"ते स्वप्न पडतंय का गं पुन्हा?" हिने तिच्या केसांवरून हात फिरवत विचारलं. मला म्हणाली, "रात्री कण्हत होती. तेच ते, लहानपणीचं."

"पडतं," खारू म्हणाली. "विमानात बसलेय, खिडकीशी. बाहेर दिवे आहेत आणि ते हलतच नाहीत. सगळे गप्प बसलेत. किती वेळ बसलेय तेही कळत नाही."

"सहा वर्षांची होती तेव्हापासून," ही म्हणाली. "तुम्ही शिकवायला लागलात ना, त्याच वर्षी सुरू झालं बघा."

मी उठून ताटं मांडायला लागलो. चार मांडली. हिने एक उचलून परत ठेवलं.

५

शुक्रवारी दुपारी पान्याच्या हातापाया पडून एक तास मिळवला. आम्ही दोघंच. खारू उजव्या खुर्चीवर, डावी रिकामी, मागे मी. दार लागलं, पूल उचलला गेल्याचा खणखणाट झाला, पाना खाली आपल्या टेबलाशी जाऊन बसला.

"आज मी थांबवणार नाही," मी सांगितलं. "काहीही झालं तरी नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

मी पुढचं चाक अडकवलं. दोन दिवे लागले, तिसरा लागला नाही. तिने सगळे उपाय क्रमाने केले, एकही चुकवला नाही. काचेत रनवे मोठा व्हायला लागला. बटणाकडे जाऊ नयेत म्हणून मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

टिंग.

खारूने फोन उचलला. ऐकता ऐकता तिची मान हळूहळू आखडली.

"बाबा, हे तुम्ही नाही ना?"

"नाही."

"एक बाई आहेत. विचारतायत, या वेळी तरी उतरणार का?"

"सांग, उतरणार."

तिने सांगितलं आणि फोन ठेवला. यंत्र मोजायला लागलं. पन्नास. चाळीस. तीस. वीस. दहा.

आणि चित्र थांबलं.

डुलणं थांबलं, इंजिनाचा आवाज थांबला, दिवे काचेत उभे राहिले. खारूचे हात मांडीवर होते.

"थांबवलंत ना?" तिने विचारलं.

"नाही गं. मी हात लावलेला नाही." बटणाचा दिवा विझलेलाच होता. माझे हात मांड्यांखाली होते, बोटांना मुंग्या आल्या होत्या.

त्या शांततेत मागून आवाज यायला लागले. दारापलीकडून, जिथे पूल उचललेला होता तिथून. कोणीतरी खोकलं. कपडे सळसळले. पट्ट्याची कडी वाजली. आणि एक बारीक, एका लयीतला ठक ठक आवाज. समोरच्या सीटला लहान मूल पायांनी ठोकत राहतं ना, तसा. खारूची ती जुनी खोड. बसमध्ये त्यापायी मी तिला किती वेळा दटावलं होतं.

"खारू, हात ठेव."

"मला पुढचं येत नाही, बाबा."

"मी सांगतो. हात ठेव आधी."

तिने हात ठेवले. त्याबरोबर डबा हलला आणि दिवे पुढे सरकले.

"नाक वर धर. मागची चाकं टेकू दे. टेकली? आता नाक सोडू नकोस. धर. धरून ठेव. जितका वेळ धरता येईल तितका धर."

मागची चाकं टेकली. नाक वर राहिलं, राहिलं, मग अलगद खाली आलं आणि लोखंड घासल्याचा असा आवाज झाला की माझे दात शिवशिवले. डबा पुढे झुकला. पडद्यावर ठिणग्या उडाल्या. खारू ओठ चावून रडत होती, पण हात तिथेच होते. विमान थांबलं.

अठरा वर्षांत त्या खोलीत विमान असं पहिल्यांदाच थांबलं होतं.

नियमाप्रमाणे तिने माइक घेतला आणि फाटक्या आवाजात सांगितलं, "बाहेर पडा. सगळे बाहेर पडा."

६

मग पावलं वाजायला लागली.

दारामागून, मागे मागे जाणारी, घाईची, शेकडो. कोणी कोणाला ढकलत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. खूप वेळ ताटकळलेली माणसं एकदाची उठावीत, तशी चालत होती. एक पाय ओढत जाणारा म्हातारा माणूस मला वेगळा ऐकू आला. खारू मागे वळून बघत नव्हती आणि मीही बघत नव्हतो. मिनिट दीड मिनिटाने सगळं शांत झालं.

मी मनात वाट बघत होतो. लहान, धावणारी पावलं त्यांत नव्हती.

टिंग.

खारूने फोन कानाला लावला. "हो," म्हणाली. मग ऐकत राहिली. फोन न ठेवताच ती म्हणाली, "बाबा, त्या म्हणतायत सगळे उतरले. एकच राहिलीय. बाबा न्यायला आल्याशिवाय उठणार नाही म्हणते."

ठक ठक सुरूच होतं.

मी पट्टा सोडला. दार दोन पावलांवर. डोकं सांगत होतं की पूल वर आहे, दारापलीकडे नुसती हवा आहे. पण हात कडीवर गेला होता. मी दार उघडलं.

निळसर गालिचा होता. दोन्ही बाजूंना रिकाम्या सीट, सुटे पट्टे लोंबत होते. तिसऱ्या रांगेत, डावीकडे, सीटच्या पाठीवरून केसांचा मधला भांग तेवढा दिसत होता आणि एक लाल रिबीन. दुसरी सुटली असावी. तिच्यापलीकडे खिडकी, आणि खिडकीत रनवेचे दिवे. ते हलत नव्हते.

एक पाऊल टाकलं असतं तर गालिच्यावर पडलं असतं. मी पाय उचललाही.

"साहेब!" पाना ओरडला. आवाज माझ्या पायांच्या खालून आला, खूप खालून. "साहेब, मागे व्हा! पूल वर आहे! मागे व्हा म्हणतो ना!"

गालिचा तसाच होता. पान्याचा आवाजही खरा होता. ठक ठक थांबलं. लाल रिबीन हलली, ते डोकं सावकाश मागे वळायला लागलं.

मी दार लावून घेतलं.

पाना पूल खाली घेऊन धापा टाकत आत आला, तोपर्यंत मी खुर्चीवर बसलो होतो. "मरायचं होतं का?" तो म्हणाला. त्याने मला पाणी दिलं, खारूला दिलं. आम्ही तिघं पुलावरून बाहेर आलो. जाताना काटा बघितला. फ्रीझ नव्हतं, डबा बंद होता, तरी वीस किलो जादा दाखवत होता.

"म्हातारा झालाय," पाना म्हणाला.

७

शनिवारी खारू पास झाली. परीक्षकांनी पुढचं चाक अडकवलं होतं. शेवटपर्यंत हात सोडले नाहीत, असा शेरा मिळाला. हिने गल्लीभर सांगितलं. मी घरी बसून होतो. तब्येतीचं कारण देऊन आठवडाभर रजा टाकली होती.

पुन्हा जायला हवं होतं हे मला कळत होतं. सोमवारी शेडपर्यंत गेलो, गाडीतूनच परत फिरलो. बुधवारी पूल चढलो. दारावर हात ठेवला. आतून काही आवाज नव्हता. उघडल्यावर कॉकपिट दिसेल, दुसरं काय दिसणार, असं स्वतःला सांगत उभा राहिलो आणि शेवटी खाली आलो. भेकड माणूस आहे मी. तिला आपटताना बघवत नव्हतं असं सांगत अठरा वर्षं काढली, आणि तिने मागे वळून बघितलं तर तेही बघवलं नसतं. गुरुवारी क्रेन आली. पान्याने फोन करून सांगितलं, दुपारपर्यंत तुकडे करून नेले, जागा अगदी मोकळी दिसतेय.

रविवारी सकाळी आम्ही तिघं चहा घेत होतो. दुसऱ्या दिवशी खारूचं पहिलं खरं उड्डाण होतं. ती बुटांना पॉलिश करत होती, चेहरा टवटवीत होता. मी धीर करून विचारलं, "ते स्वप्न पडतं का गं अजून?"

"पडतं की," ती ब्रश फिरवत म्हणाली. "पण आता थोडं बदललंय."

"कसं?"

"सगळ्या सीट रिकाम्या असतात. मी एकटीच बसलेली असते. बाहेरचे दिवे तसेच." तिने बूट उजेडात धरून बघितला. "आणि मग पुढचं दार उघडतं. तुम्ही येता, दारात उभे राहून बघता. मी मान वळवून हाक मारणार, तेवढ्यात तुम्ही दार लावून घेता."